नाण्यावर कोणी पडत नाही

तळघर भाड्याने द्यायच्या आधी घरमालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"तुला घसरायची सवय आहे का?"

पगार किती, मांस-मच्छी करतेस का, मित्रमंडळी येतात का, हे विचारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवून गेले होते. हा प्रश्न त्यात नव्हता. "अजून तरी घसरले नाही," मी म्हटलं.

"नागपूरची ना तू? मग बर्फ फक्त रसवंतीत बघितला असशील. घसरशील." एवढं बोलून त्यांनी कोटाच्या खिशातून श्रीखंडाचा जुना डबा काढला, त्यातलं मूठभर मीठ तळघराच्या पायऱ्यांवर भुरभुरलं आणि म्हणाले, "हं, आता उतर. कठडा सोडू नकोस." ऑक्टोबर चालू होता. बर्फाचा अजून पत्ता नव्हता.

नेपरव्हिलच्या त्या घरात मी दोन हिवाळे काढले. काढले हाच शब्द बरोबर आहे. कंपनीत दर महिन्याला कोणाची तरी नोकरी जायची, माझ्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलेलं. सकाळी अंधारात शिकागोची ट्रेन पकडायची आणि अंधारातच परत यायचं. इतकी दमलेली असायचे की बूट काढायचासुद्धा कंटाळा यायचा. अशा वेळी वरच्या मजल्यावर एक सत्तरीचा माणूस हातात पांढरे सुती हातमोजे घालून नाण्यावरच्या बाईकडे भिंगातून बघत बसलेला असे, आणि त्याची बायको त्याला चहा निवला म्हणून बजावत असे. दोन वर्षं मी हे बघत आले. आता उबदार दक्षिणेत, शुगर लँडला राहते, इथे बर्फ फक्त पेल्यात असतो. पण त्या घराची आठवण आली की अजूनही माझे पाय आपोआप जपून पडतात.

काका मूळचे सोलापूरचे. पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून इथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात वाणसामानाच्या दुकानाबाहेर, अंड्यांचा ट्रे हातात असताना, उताणे पडले. माकडहाड दुखावलं. दुखणं गेलं, पण पडल्यावर उठता न येता तिथे किती वेळ पडून राहिलो, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. "सोलापुरात माणूस उन्हाने पडतो," ते म्हणायचे, "पण पडला की चार जण पाणी घेऊन धावतात. इथे एक गाडी आली, मला वळसा घालून गेली. सिग्नलसुद्धा दिला तिने वळताना." हा किस्सा ते हसत सांगायचे. काकू तो चालू झाला की उठून आत जायच्या.

तेव्हापासून हा माणूस बर्फावर बदकासारखा फतक फतक चालतो आणि पुढे पुढे मीठ टाकत जातो. दारात रांगोळी घालावी इतक्या निगुतीने टाकतो. त्या मिठाने अंगणातलं गवत करपलं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे पाय फुटले, माझ्या चांगल्या बुटांवर पांढरे ओघळ उमटले. शेजाऱ्याने तक्रार केली तेव्हा काकांनी त्यालाही एक डबा भरून दिला.

आणि अशा माणसाला छंद कशाचा, तर बर्फावरच्या खेळांच्या चांदीच्या नाण्यांचा. दुसरं काही नाही. राजेरजवाड्यांची नाणी नकोत, होन-मोहरा नकोत, सोनं तर नकोच. जगात कुठेही हिवाळी खेळांची आठवण म्हणून चांदीचं नाणं निघालं की काकांना ते हवं असायचं. देश त्यांना महत्त्वाचा नव्हता. त्यांनी नाण्यांना आपली नावं दिली होती. स्कीवरून उडी मारणारा तो 'उडता', घसरगाडीत एकामागे एक बसलेले चौघे म्हणजे 'वऱ्हाड', आणि बर्फ घासत दगड पुढे नेण्याचा तो कर्लिंग नावाचा खेळ, त्यातल्या बायका म्हणजे 'झाडूवाल्या'.

"बघ गं," झाडूवाल्यांचं नाणं आलं त्या दिवशी ते काकूंना म्हणाले, "झाडू मारून चांदी मिळते."

"मग घ्या झाडू," काकू म्हणाल्या. "दिवाणखाना पडलाय. सुरुवात तिथून करा."

नाणी बघायला बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नव्हती. टेबलावर काळी मखमल अंथरली जाई. गोल पारदर्शक डब्यांतून एकेक नाणं बाहेर येई. श्वास जरा बाजूला टाकायचा, कारण वाफ लागते. चहा तर त्या खोलीतच आणायचा नाही. लोकांना हे माहीत झालं होतं, ते घरूनच चहा पिऊन यायचे. एकदा एका ओळखीच्यांच्या लहान मुलाने विचारलं, "अंकल, कॅन यू बाय चिप्स विथ धिस?" काकांनी त्या पोराला पुढचा सगळा वेळ हात मागे बांधून उभं केलं.

"चांदीला बोट लावायचं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य उडत्याच्या नाण्यापाशी यायचं. भिंग माझ्या हातात देऊन ते म्हणायचे, "नीट बघ. इतकी वर्षं हा हवेत आहे. अजून खाली आलेला नाही. नाण्यावर कोणी पडत नाही."

मला वाटायचं, म्हातारा गंमत करतोय. पण एका फेब्रुवारीत टीव्हीवर हिवाळी खेळ लागले. मी मुद्दाम वर गेले, म्हटलं आज काका खुर्चीतून हलणार नाहीत. तर ते गॅरेजमध्ये स्क्रू निवडत बसलेले.

"काय करून राहिले काका? तुमचं वऱ्हाड लागलंय टीव्हीवर."

"टीव्हीवर पडतात ते," ते म्हणाले आणि स्क्रू निवडत राहिले.

काकूंचं चांदीबद्दलचं मत अगदी उलट होतं. त्या साताऱ्याच्या. त्यांच्या देवघरातली ताटली त्यांच्या आईच्या तोड्यांची केलेली होती, आणि कुंकवाची कोयरी सासूबाईंच्या कमरपट्ट्यातून उरलेल्या चांदीची. दर दिवाळीआधी त्या सगळं दंतमंजनाने लख्ख घासायच्या. जुनं झालं की मोडीत घालायचं, सराफाकडून नवं करून आणायचं. चांदी अशी बायकांच्या हातून पुढे जात राहते, असं त्यांना मनापासून वाटायचं. कपाटात कुलपाखाली काळी पडणारी चांदी बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. काकांची नाणी काळवंडली तरी काका ती पुसू देत नसत. त्या रंगालाच किंमत असते, असं त्यांचं म्हणणं. "असेल," काकू म्हणायच्या. "माझ्या आईने बघितलं असतं तर रडली असती."

कपाटात सगळ्यात खाली एक खण होता. त्यात फक्त स्केटिंग करणाऱ्या मुलींची नाणी होती. एक पाय मागे उचललेली, गिरकी घेणारी, हात डोक्यावर नेलेली, अशा. तो खण मखमलीवर कधी येत नसे. "तो छकुलीचा आहे," असं म्हणून काका विषय संपवायचे. छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशीला आलेली, ॲन आर्बर गावात फिजिकल थेरपिस्ट. लोकांचे मोडलेले गुडघे परत चालते करायचं काम करते.

तिची गोष्ट मला काकूंनी सांगितली, एका शनिवारी मेथी निवडताना. छकुली लहानपणी स्केटिंग शिकायची. चांगली होती, कोच म्हणायची हिला पुढे न्या. दर शनिवारी काका दोघींना रिंकवर सोडायचे आणि स्वतः गाडीत हीटर लावून पेपर वाचत बसायचे. आत थंडी असते म्हणून. एकदाही आत आले नाहीत. सातवीत असताना ती पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी काकांनी स्केट्स कोणाला तरी देऊन टाकले. ती खूप रडली. मग काका समजूत काढायला एक चांदीचं नाणं घेऊन आले, त्यावर स्केटिंग करणारी मुलगी. ते बघून छकुली रडायची थांबली, नाणं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "यू कीप इट, बाबा."

"तेव्हापासून आणतायत," काकू म्हणाल्या. "स्केटिंगवालं दिसलं की तिच्यासाठी. आणि दर फोनवर विचारतात."

ते तर मीही ऐकलं होतं. रविवारचा फोन, स्पीकरवर. हवापाणी झालं, गाडीचं तेल झालं, की काका घसा खाकरून विचारायचे, "छकुली, तुझी नाणी केव्हा नेतेस?" पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं. "नॉट नाऊ, बाबा." तिचा आवाज चिडलेला नसायचा. नुसता थकलेला असायचा, आणि मला ते जास्त वाईट वाटायचं. फोन ठेवला की काका म्हणायचे, "घेईल. एक दिवस मागेल." या माणसाला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. तिने तो खण उघडावा, आणि आपली आहेत म्हणून ती नाणी घेऊन जावीत.

छकुलीला मुलगी झाली त्या वर्षी दिवाळीनंतर काकू महिनाभर बहिणीकडे साताऱ्याला जाऊन आल्या. थंडी चांगलीच पडली होती. एका रविवारी मी वर पोहे खायला गेले होते. पोस्टाने काकांचं नवीन नाणं आलं होतं, स्केटिंगवालं. काकांनी हातमोजे घातले, खाली वाकून छकुलीचा खण उघडला आणि तसेच वाकलेले राहिले.

खणात गोल डब्या ओळीने लावलेल्या होत्या, झाकणं नीट बसवलेली. आत काही नव्हतं.

काका सावकाश उठले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. परक्या घरात भाड्याने राहणाऱ्या माणसाला ती नजर बरोबर कळते.

"तिच्याकडे काय बघता?" काकू म्हणाल्या. "मी नेली."

"कुठे?"

"साताऱ्याला. मोडीत घातली. बाळीला वाटी-चमचा केला आणि वाळे. उष्टावणाला देणार होते, तोवर बोलणार नव्हते."

बाळाला पहिला घास भरवायचा समारंभ पुढच्या शनिवारी ॲन आर्बरला होता. मी उठून जावं की बसावं, मला कळेना. काका खुर्चीवर बसले. हातमोजे तसेच.

"समोर वितळवली त्याने?"

"समोरच. सराफाच्या समोर बसूनच राहायचं असतं."

"आधी कुठली गेली?"

 काकूंचा आवाज खाली आला. "सगळ्या एकदमच घातल्या हो मुशीत. एकटी कोणी नव्हती."

काकांनी कोट चढवला, मिठाचा डबा घेतला आणि बाहेर गेले. आदल्याच दिवशी टाकलेल्या मिठाने ड्राइव्हवे कोरडा खडखडीत होता. खिडकीतून ते मीठ टाकताना दिसत होते.

"चुकले का गं मी?" काकूंनी मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खाली बसल्या. "हे देतात, ती नको म्हणते. इतकी वर्षं मी मध्ये उभी आहे. दमले मी. वाटलं, नाणं ती घेणार नाही, पण लेकीच्या वाटीला नाही कशी म्हणेल?"

मला काकूंचं पटलं. आणि काकांची दया आली. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला त्या घरात कळलं.

काका हिवाळ्यात हायवेवर गाडी चालवत नसत, त्यामुळे शनिवारी ड्राइव्ह करायला मी. साडेचार-पाच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना मळकट बर्फ. काका मागे बसले होते, काकूंशी बोलत नव्हते. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "तिला सांग, हीटर कमी कर." "त्यांना सांग, मफलर काढा." पोचेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

बाळाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामा नाही म्हणून छकुलीने आजोबांना बसवलं. जावयाने फोनवर बघून खीर केली होती. बाळी काकांच्या मांडीवर, पायात नवे वाळे, लाळ गाळत. काकूंनी वाटी पुढे केली. काकांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि घालायला लागले.

"बाबा, सीरियसली?" छकुली म्हणाली.

काकांचा हात थांबला. त्यांनी हातमोज्यांकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मग हातमोजे काढून खिशात ठेवले आणि उघड्या बोटांनी वाटी धरली. वाटीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला मला दिसला. "छकुली," ते म्हणाले, "यात तुझी नाणी आहेत. तुझ्या आईने वितळवली."

छकुलीने वाटीत वाकून बघितलं. "द स्केटर्स? ऑल ऑफ देम?"

"सगळ्या."

छकुलीने मनगटाने डोळे पुसले. त्याच मनगटाने. "गुड," ती म्हणाली. "आई, थँक यू." मग बापाच्या तोंडाकडे बघून तिला राहवलं नसावं. ती खाली, त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, मला नाणी नको होती. एव्हर. मला फक्त... आय वॉन्टेड टू गो बॅक." मग म्हणाली, "आय डिड गो बॅक. एव्हरी संडे. इथल्या रिंकवर. आईला माहीत आहे."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू खिरीत केशर पुरेसं पडलंय का ते बघत होत्या.

"या वयात? पडलीस तर?"

"पडते की. उद्या ये ना. पण आत. नॉट इन द कार."

बाळीने रडून भूक लागल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे काकांना चमचा हातात असल्याची आठवण झाली. त्यांनी खीर भरवली. अर्धी खीर तिच्या हनुवटीवर गेली.

दुसऱ्या दिवशी रिंकच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावली. काका उतरेनात. "तुम्ही दोघी जा. मी हीटर लावून बसतो," असं म्हणून पेपर शोधायला लागले. गाडीत पेपर नव्हता. काकू त्यांच्या बाजूचं दार उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. वारा आत येत होता. शेवटी काका उतरले आणि दारापर्यंत मीठ टाकत आले.

आत बर्फाभोवती छातीएवढा कठडा होता आणि वर काच. स्पीकरवर कसलंसं जुनं गाणं लागलेलं. पाच-सहा माणसं फिरत होती, त्यात छकुली. काळी पँट, जुना स्वेटर, केस वर बांधलेले. काकांनी एका हाताने माझा दंड धरला होता, दुसऱ्या हातात मिठाचा डबा.

ती एक फेरी मारून गेली. मग वळून पाठमोरी यायला लागली, आमच्याकडे पाठ करून, वेगात. "अगं, उलटी येतेय ती," काका म्हणाले. "हिला दिसतंय का?" माझा दंड दुखायला लागला. इतकी वर्षं भिंगातून बघितलेल्या त्या मुली एका जागी उभ्या होत्या. ही कुठेच थांबत नव्हती. पार पलीकडे गेली, वेग घेतला, पाय उचलला आणि उडी मारली.

आणि पडली. सपशेल कुशीवर आपटली आणि घसरत घसरत कठड्यापर्यंत गेली. काकांनी डोळे मिटले. डबा हातातून सुटला, मीठ आमच्या बुटांवर सांडलं.

काकूंनी डोळे मिटले नाहीत. त्या बघत होत्या.

छकुलीने एक गुडघा टेकला, कठड्याला हात लावला आणि उठली. पँटवरचा बर्फाचा चुरा झटकला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि पुन्हा निघाली. हसत होती.

"काका," मी म्हटलं, "बघा."

त्यांनी डोळे उघडले. ती समोरून जात होती. "उठली," ते म्हणाले. थोड्या वेळाने, कोणाला सांगत होते देव जाणे, पुन्हा म्हणाले, "उठली की."

"तेव्हाही उठायची," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नजर बर्फावरच होती. "दर वेळी उठायची आणि दाराकडे बघायची. तुम्ही गाडीत असायचात."